न धुतलेल्या तीन बाटल्या

काल दुपारी साडेचारच्या सुमाराला आमच्या कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमध्ये मुंग्यांची लग्नं लागली. सकाळी पाऊस येऊन गेला होता. दुपारी ऊन पडलं आणि हवा अशी दमट झाली की चष्म्यावर वाफ धरावी. डांबर आणि गवत यांच्यामधल्या भेगेतून आधी साध्या कामकरी मुंग्या बाहेर आल्या. पाहुणे यायच्या आधी घरच्या बायका उगाच आतबाहेर करतात तशा त्या पळत होत्या. मग त्यांच्या मागून पंखवाल्या आल्या, लठ्ठ राण्या आणि त्यांच्या शेजारी किडमिडे नर, आणि गवताच्या पात्यांवर चढून एकेक करून उडाले. शेजारच्या गाडीतले गृहस्थ वायपर फिरवून त्यांना काचेवरून हाकलत होते. मी मात्र भाजीची पिशवी खाली ठेवून उभी राहिले. पिशवीत दूध होतं, तेही राहिलं तसंच.

इथे अमेरिकेत, आमच्या पिस्कॅटवेत हे दरवर्षी होतं, सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीच्या आगेमागे, अशाच एखाद्या दुपारी. दुकानांत भोपळे यायला लागलेले असतात, पण झाडं अजून हिरवीगार असतात. इथल्या लोकांना ह्या दुपारचं काही विशेष वाटत नाही. मला वाटतं. नऊ वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी मी स्वतःच्या हातानं घालवलेलं काहीतरी मला परत सापडलं, आणि ते माझ्या नीटनेटकेपणामुळे नव्हे, आळसामुळे सापडलं. त्यामुळे ह्या मुंग्या उडाल्या की मला तो सगळा उन्हाळा आठवतो, अल्कोहोलच्या वासासकट.

तेव्हा मला अमेरिकेत येऊन दीड वर्ष झालं होतं. त्याआधी अकरा वर्षं मी कराडच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. बेडकाचं हृदय मी डोळे मिटून काढू शकायचे. मग विजयला कंपनीनं इकडे पाठवलं आणि मी त्याच्या व्हिसावर आले. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. फॉर्मवर माझ्यासाठी जो शब्द होता त्याचा अर्थ अवलंबून असलेली, आणि तो दर वेळी भरताना माझी सही जरा वाकडी यायची. विजय ऑफिसला आणि मुक्ता शाळेत गेली की घर इतकं शांत व्हायचं की फ्रीजची घरघर ऐकू यायची. मग मी डबे घासायची. दह्याचे डबे, जॅमच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या. धुऊन, पुसून, एकात एक घालून कपाटात रचायची. विजय म्हणायचा, "अगं, रिसायकलिंगमध्ये टाक ना. काय करणार आहेस एवढ्यांचं?" मी म्हणायची, लागतात. कशाला लागतात ते मलाही माहीत नव्हतं.

प्राची भेटली ती इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला. नागपूरची मुलगी, इथल्या विद्यापीठात मुंग्यांवर पीएच.डी. करत होती. पानावरची श्रीखंडाची वाटी संपवून ती थेट माझ्याकडे आली. "काकू, तुम्ही झूलॉजीच्या ना? आमच्या कलेक्शनमध्ये व्हॉलंटियर पाहिजेच आहेत. याल का?"

मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि ती सत्तावीस. काकू! मला इतका राग आला की मी लगेच हो म्हणून टाकलं. पुढे तिनंच मला समजावलं की तिच्या लेखी हे वर्गीकरण फार सोपं आहे. नवरा आहे का, गाडी आहे का, फ्रीजमध्ये नेहमी कोथिंबीर असते का. तिन्हींचं उत्तर हो आलं की काकू. वयाचा संबंध नाही.

जीव ओळखायची रीतही अशीच असते. तिला किल्ली म्हणतात. एक प्रश्न, दोन उत्तरं, आणि प्रत्येक उत्तर तुम्हाला पुढच्या प्रश्नाकडे पाठवतं. कमरेला एक गाठ की दोन? डोळे आहेत की नाहीत? मिशीला सांधे किती? अशा पायऱ्या उतरत तुम्ही एका नावापाशी पोचता. प्राचीच्या मुंग्यांच्या बाबतीत डोळ्यांच्या प्रश्नाशी सगळ्या कामकरी एकाच बाजूला जायच्या. त्यांना डोळेच नसतात. त्या आफ्रिकेतल्या लष्करी मुंग्या. लाखोंच्या संख्येनं निघतात, जमिनीवरून तांबूस दोरखंड सरकत चालल्यासारख्या, आणि मोठ्या जबड्यांच्या मुंग्या दोन्ही कडांना तोंडं वर करून उभ्या राहतात. वाटेत घर आलं तर माणसं घर सोडून अंगणात जाऊन बसतात. मुंग्या आत शिरून झुरळं, उंदीर, जे असेल ते साफ करतात आणि पुढे जातात. हे ऐकल्यावर मला त्या आवडल्याच. एवढं काम आंधळेपणानं, एकमेकींच्या वासावर.

कलेक्शनची खोली तळमजल्यावर होती. आत गेलं की डांबराच्या गोळ्यांचा आणि अल्कोहोलचा वास. उंच लोखंडी कपाटं, त्यांत लाकडी ड्रॉवर, ड्रॉवरमध्ये टाचण्यांवर बसवलेले कीटक. मुंगी एवढीशी, तिला टाचणी टोचता येत नाही. म्हणून कागदाचा छोटा त्रिकोण कापतात, त्याच्या टोकाला मुंगी चिकटवतात आणि टाचणी कागदात टोचतात. खाली चिठ्ठ्या: कुठे सापडली, कधी, कुणाला. माझे सकाळचे तीन तास तिथे जायला लागले. घरी फ्रीजची घरघर ऐकत बसणारी बाई तिथे चक्क गुणगुणायला लागली. कुणी तरी माझी वाट बघतं, माझ्या हाताला काम आहे, एवढ्यानं माणूस किती सरळ चालायला लागतो ते मी त्या उन्हाळ्यात अनुभवलं. प्राचीनं माझ्या नावाचा कप आणून ठेवला होता. त्यावर मार्करनं लिहिलं होतं, काकू.

ऑगस्टमध्ये तिची एक परीक्षा होती. दोन आठवडे ती येणार नव्हती. जाताना तिनं मला आफ्रिकेचं कपाट दाखवलं. कुणीतरी फार वर्षांपूर्वी घानाच्या जंगलातून गोळा करून आणलेल्या मुंग्या, मोठ्या बरणीत बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीच्या तोंडाला कापसाचा बोळा. आतलं अल्कोहोल पिवळं पडलं होतं.

"फक्त अल्कोहोल बदलायचं, काकू. बाकी काही नका करू हं."

मी मान डोलावली. तेव्हा मला ते मनापासून मान्यही होतं.

आता पुढचं सांगताना अजूनही कान गरम होतात. शेवटच्या बरणीत तीन बाटल्या होत्या. तिन्हींतल्या चिठ्ठ्यांवर पेन्सिलीनं एकच गाव, एकच तारीख, एकच हस्ताक्षर, आणि शेवटी एक, दोन, तीन असे आकडे. मी ते बाटल्यांचे अनुक्रमांक समजले. आमच्याकडे लोणच्याच्या बरण्यांवर आई असेच आकडे घालायची. मुंग्या पाहिल्या तर सगळा गोंधळ. मोठ्या डोक्याच्या, मधल्या, बारीक, अगदी चिमुकल्या, सगळ्या एकत्र, त्यात मोडके पाय आणि कचरा. आणि एका बाटलीत मुंग्यांच्या मधोमध एक भलामोठा पंखवाला प्राणी कोंबलेला. मला ते बघवेना. तांदूळ निवडल्याशिवाय कुकरला लावायचा नाही अशा घरात मी वाढले. मी तिन्ही बाटल्या, एकेकीचा बोळा काढून आणि लगेच तिलाच परत लावून, एका पांढऱ्या ताटलीत उपड्या केल्या आणि चिमटा घेऊन निवडायला बसले.

दोन दिवस लागले. मोठ्या एका नव्या बाटलीत, मध्यम दुसऱ्या, बारीक तिसऱ्या, चिमुकल्या चौथ्या. तो पंखवाला मी पंखवाल्यांच्या वेगळ्या बरणीत ठेवला, तिथे त्याच्यासारखे बरेच होते. नव्या बाटल्यांवर सुवाच्य अक्षरात नव्या चिठ्ठ्या: घाना, मोठ्या. घाना, मध्यम. असं ओळीनं लावून ठेवलेलं इतकं देखणं दिसत होतं की मी फोनवर फोटो काढला. जुन्या बाटल्या तिथल्या फुटक्या काचेच्या खोक्यात टाकायच्या असतात. पण काचेच्या, बुटक्या, गोंडस बाटल्या! माझ्यानं टाकवेनात. बोळ्यांसकट मी त्या पर्समधून घरी आणल्या. धुतल्या की केशर ठेवायला होतील असा विचार होता. दह्याच्या एका डब्यात घालून मी त्या सिंकखाली सारल्या आणि विसरले.

प्राची ऑगस्टच्या शेवटी परत कामाला लागली. परीक्षा पास झाली होती आणि आता प्रबंधाचं खरं काम. एका सोमवारी तिनं मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. भिंगाखाली एक पंखवाला होता. जाडजूड, तपकिरी, पोट सॉसेजसारखं, टपोरे डोळे.

"ओळखा बरं, काकू. काय आहे हे?"

"गांधीलमाशी," मी म्हटलं.

ती हसली. "पहिल्यांदा ज्यानं नाव दिलं ना, त्यालाही असंच वाटलं होतं. हा नर आहे. लष्करी मुंगीचा."

मला खरंच वाटेना. कामकरी मुंगी तांदळाच्या दाण्याएवढी, बिनडोळ्यांची, बिनपंखांची. आणि हा तिचा भाऊ? प्राचीनं मग मला तिच्या विषयाची सगळी अडचण सांगितली. नर संध्याकाळी दिव्यावर येतात, लोक ते तिथे पकडतात. कामकरी जमिनीवर सापडतात, त्या वेगळेच लोक गोळा करतात. राणी तर सहसा सापडतच नाही. "मग काय झालं, नराला एक नाव दिलं, कामकरीला दुसरं. ड्रॉवर वेगळे, नावं वेगळी. कोण कोणाच्या घरातलं, कोणालाच माहीत नाही यार. एकाच मुंगीला दोन-दोन, तीन-तीन नावं देऊन बसले आहेत लोक."

"माझं तसंच आहे," मी म्हटलं. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं. इथल्या प्रत्येक फॉर्ममध्ये रकाना असतो, ह्याखेरीज कुठली नावं वापरलीत. "मग जोडी लावायची कशी?"

"एकाच वारुळात दोघं सापडले पाहिजेत. बस. डीएनए मी दोनदा ट्राय केला, इतक्या जुन्या मालातून काही निघत नाही. पण आपल्याकडं असा एक नर आहे, काकू. एकच. घानाचा. त्या माणसानं एका दिवसात तीन वारुळं खणली, प्रत्येकाची वेगळी बाटली केली, एक, दोन, तीन. त्यातल्या एकात कामकरींसोबत नर होता, पंख शाबूत असलेला, म्हणजे त्याच घरात जन्मलेला, बाहेरून आलेल्या नराचे पंख कामकरी तोडून टाकतात. माझा अख्खा चॅप्टर त्याच्यावर उभा आहे. शुक्रवारी काढते मी ती बरणी."

मी पुन्हा भिंगात बघायचं नाटक केलं. मला काहीही दिसत नव्हतं.

सोमवार ते गुरुवार. ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मुक्ताच्या डब्यात सलग दोन दिवस एकच भाजी गेली. तिनं विचारलं, "आई, आर यू ओके?" मी म्हटलं, हो. बुधवारी प्राची क्लासला गेली होती तेव्हा मी पंखवाल्यांची बरणी उघडली. घानाचा नर ओळखायला अवघड नव्हता, मीच तो ठेवला होता. चिमट्यात धरून त्याला बाहेर काढलं. नवी बाटली, थोड्या मोठ्या, थोड्या बारीक, हा नर, आणि चिठ्ठीवर एक आकडा. एक, दोन, तीन, यांपैकी कुठला तरी, कारण तो कुठल्या बाटलीतून निघाला ते मी पाहिलंच नव्हतं. तिनांत एक वेळ अंदाज खराही निघाला असता. कुणाला कळणार होतं? गोळा करणारा माणूस हयात नव्हता. मुंग्या बोलणार नव्हत्या. आणि माझा कप त्या टेबलावर राहिला असता.

मी तो नर किती वेळ धरून उभी होते कोण जाणे. माझ्या अकरा वर्षांत मी प्रॅक्टिकलला नुसते आकडे बनवून लिहिणाऱ्या मुलांच्या वह्या फेकल्या होत्या. एका मुलीला तर मी वर्गाबाहेर काढलं होतं, आणि ती रडत होती तरी आत घेतलं नव्हतं. त्या मुलीचा चेहरा मला आठवला. मी नर परत बरणीत ठेवला.

गुरुवारी सकाळी प्राची आल्या आल्या मी सांगून टाकलं. तिनं खांद्यावरची बॅगसुद्धा काढली नव्हती.

"तिन्ही एकत्र केल्या?"

"तिन्ही."

"आणि नर?"

"पंखवाल्यांत."

ती स्टुलावर बसली. चिडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बघत म्हणाली, "काकू, मला ना आत्ता तुमच्याशी बोलायचं नाही. रागात काहीतरी बोलून जाईन मी." मग बॅग खांद्यावरून उतरवून, "पुढच्या आठवड्यात नका येऊ तुम्ही."

मी कप उचलला, धुतला, आणि तिथेच ठेवला. बरोबर न्यायचा की नाही ते मला ठरवता आलं नाही.

घरी विजय म्हणाला, "अगं, मुंग्याच आहेत. दुसऱ्या मागवतील." तो मला बरं वाटावं म्हणूनच बोलत होता, पण मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. मला मुंग्यांचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त स्वतःचं वाटत होतं. इतक्या दिवसांनी मला कुणी आत घेतलं होतं आणि मी तिथेही जाऊन घरकाम करून आले होते. नीट लावून ठेवलेलं घर म्हणजे जग, असं माझं झालं होतं.

लेबर डेचा सोमवार. खाली कॉम्प्लेक्सच्या हिरवळीवर कुणाकुणाच्या शेगड्या पेटल्या होत्या, मक्याची कणसं भाजल्याचा वास वर येत होता. सकाळी सर येऊन गेली होती. चारच्या पुढे मुक्ता धावत आली. "आई, कम फास्ट! अँट्स विथ विंग्ज! लाइक, मिलियन्स!"

मी गेले. पार्किंगची भेग उकलल्यासारखी झाली होती. माझ्यातली मास्तरीण तेवढ्यात जागी झाली. दोन-चार पकडून मुक्ताला भिंगाखाली दाखवावेत, नर कुठला, राणी कुठली. मी वर पळाले, सिंकखाली हात घातला, पहिला हाताला आला तो दह्याचा डबा उघडला. आत त्या तीन बाटल्या. न धुतलेल्या. तळाशी वाळलेला पिवळा थर, जुनी चिठ्ठी काचेला चिकटलेली. मी एकीचा बोळा ओढला.

बोळ्याला काहीतरी लटकत होतं.

खिडकीपाशी नेऊन पाहिलं. एक मोठ्या डोक्याची मुंगी होती. तिनं जबड्यात कापूस धरला होता. घानातल्या कुठल्याशा जंगलात, इतक्या वर्षांपूर्वी, अल्कोहोलमध्ये बुडताना ती तोंडापाशी आलेल्या गोष्टीला चावली होती, आणि ती पकड तिनं सोडली नव्हती. मी बाटली ताटलीत उपडी केली तेव्हा बाकीच्या सांडल्या, ही राहिली. मी दुसरा बोळा काढला. त्यालाही एक मोठी, तशीच कापूस चावून धरलेली, आणि कापसाच्या तंतूंत पाय गुंतलेल्या तीन बारीक. तिसऱ्याला दोन मोठ्या. तिन्ही बाटल्यांत त्यांच्या त्यांच्या चिठ्ठ्या, एक, दोन, तीन. खालून मुक्ता हाका मारत होती.

प्राचीनं फोन उचलला नाही. मी बाटल्या डब्यात घातल्या, डबा गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला सीटबेल्ट लावला. दहा मिनिटांचा रस्ता मी इतका हळू चालवला की मागच्यानं हॉर्न मारला. इथे कुणी हॉर्न मारत नाही.

तिनं दार उघडलं. केस ओले, हातात मॅगीचा वाडगा. "काकू?"

मी डबा पुढे केला आणि म्हटलं, "मी ह्या धुतल्याच नाहीत."

तिनं डब्यात वाकून पाहिलं. मग तिनं वाडगा जिन्यातच ठेवला.

सुट्टीमुळे इमारत रिकामी होती. प्राचीनं तिच्या किल्लीनं दार उघडलं. मायक्रोस्कोपखाली तिनं तिन्ही बोळे एकेक करून उलगडले, सुईच्या टोकानं तंतू बाजूला करत. मी शेजारी उभी राहून बघत होते. एक आणि तीनच्या मोठ्या मुंग्या सारख्याच होत्या, डोकं मागे रुंद, खोलगट. दोनमधली वेगळी होती, अरुंद, सरळ डोक्याची, हे मलासुद्धा दिसलं. म्हणजे वारुळं तीन, पण जाती दोन. आता नर कुठला? प्राची दुसरा बोळा पुन्हा उलगडायला लागली. मग थांबली.

"काकू, नर आणा."

मी बरणीतून त्याला काढलं. तिनं त्याला आडवा करून पाय मोजले. सहा. पण डाव्या मागच्या पायाचं टोक, नखं असतात तेवढं पाऊल, नव्हतं.

ते दुसऱ्या बोळ्यात होतं. कापसात नखं रुतवून. कामकरीच्या पायाच्या चौपट मोठं, तपकिरी, त्याच रंगाचं. प्राचीनं सुईनं ते नराच्या पायापाशी सरकवलं. तुटल्याची कड कडेला बसली.

"दोन," ती म्हणाली. "दोन नंबरचा आहे हा. काकू, दोन नंबरचा!"

मला रडू आलं. तीही रडली, पण ती नंतर म्हणत होती की ते अल्कोहोलमुळे. बाहेर गेलो तर पायऱ्यांवर मुंग्यांचे गळून पडलेले पंख होते, वारा आला की सरकायचे.

"तुम्हीच बुडवलं आणि तुम्हीच वाचवलं," ती पायरीवर बसून म्हणाली. "आता मी तुम्हाला काय म्हणू, सांगा."

"काकू म्हण," मी म्हटलं.

सगळं काही दुरुस्त झालं नाही, हेही सांगायला हवं. डोक्याच्या आकारावरून दोन नंबरच्या मोठ्या मुंग्या निवडून वेगळ्या काढता आल्या, बारीकांतल्याही बऱ्याचशा. पण एक आणि तीन ह्या एकाच जातीच्या, त्या कायमच्या मिसळल्या. कुठली कुठल्या घरातली ते आता कुणालाच कधी कळणार नाही. माझ्या 'घाना, मोठ्या' वगैरे चिठ्ठ्या मी फाडायला घेतल्या तेव्हा प्राचीनं माझा हात धरला. "नाही हं. कलेक्शनमधून चिठ्ठी कधीच काढत नाहीत. चुकीची असली तरी. नवी लिहायची आणि जुनीच्या सोबत ठेवायची. पुढच्याला समजलं पाहिजे ना, काय काय होऊन गेलं." मला ते शिक्षेसारखं वाटलं होतं. पुढे हळूहळू वाटेनासं झालं.

प्राचीचा चॅप्टर झाला, पदवी झाली. दोन नंबरचा नर आणि त्याच्या घरच्या कामकरी इतकी वर्षं दोन नावांनी वेगवेगळ्या ड्रॉवरमध्ये राहत होते, ते एका नावाखाली आले. अशा वेळी नियमानं जुनं नाव राहतं. आता ती मिशिगनला नोव्हायजवळ एका कॉलेजात शिकवते, नवरा गाड्यांच्या कंपनीत आहे, मुलगा दोन वर्षांचा. मागच्या महिन्यात फोनवर कुरकुरत होती, "काकू, इथले स्टुडंट्स मला आंटी म्हणून राहिले यार." मी विचारलं, फ्रीजमध्ये कोथिंबीर असते का? ती म्हणाली, असते.

आणि मी. नोकरी करू देणारं कार्ड यायला आणखी चार वर्षं लागली. आलं त्या आठवड्यात मी कलेक्शनमध्ये नोकरीचा अर्ज दिला. त्या फॉर्मवरही ह्याखेरीज कुठली नावं वापरलीत असा रकाना होता. दोन्ही लिहिली. आता नव्यानं येणाऱ्यांना बाटल्या कशा हाताळायच्या ते मी शिकवते, आणि पहिल्या दिवशी 'घाना, मोठ्या' ही चिठ्ठी दाखवते. मुक्ता यंदा कॉलेजला गेली. घर पुन्हा शांत झालं आहे, पण फ्रीजची घरघर मला ऐकू येत नाही, मी तिथे नसतेच.

ह्या सोमवारी घानातून ईमेल आला. तिथल्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीचा. तिनं तिच्याकडे ह्याच जातीचं वारूळ शोधलं आहे, तिला राणीही सापडली आहे, आणि तुलनेला आमची दोन नंबरची बाटली काही महिने मिळेल का, असं तिनं फार आर्जवानं विचारलं आहे. राणी! इतक्या वर्षांत जी कुणाला दिसली नव्हती, ती तिच्या जंगलात, तिच्या हाताला लागली. घरातलं तिसरं माणूस आता जोडीला येऊन बसणार. मी प्राचीला लगेच फोन केला. ती वर्गात होती, तरी उचलला.

आज सकाळी मी बाटली पाठवायची तयारी केली. नर, त्याचं सुटं पाऊल एका छोट्या नळीत, कामकरी मुंग्या. चिठ्ठ्या तीन. पहिली पेन्सिलीची, त्या माणसाच्या हातची. दुसरी माझी, सुवाच्य आणि चुकीची. तिसरी प्राचीची, जिच्यावर लिहिलं आहे की दोन नंबर हा आकडा कापसातल्या पावलावरून पक्का केला, आणि पुढे माझं नाव. तिन्ही आत घातल्या. तिकडे पोचल्यावर ती मुलगी माझी चूक वाचेल. वाचू दे.

कापूस बदलायचा विचार मनात आला होता. जुना फार मळलाय. पण बोळा उजेडात धरून पाहिला, मोठी मुंगी त्याला लटकलेलीच होती, आणि तोच परत लावला. तिनं अजून सोडलेलं नाही.